शोकेसमधले शंख

तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांनी मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. मालवणहून पिशवीभर शंख आणले आणि शोकेसमध्ये मांडले. चार दिवसांत घरात असला वास सुटला की घास उतरेना. मला वाटलं, शेजारच्या हौसाबाई रोज सुकट भाजतात. तरातरा गेले आणि त्यांना नको नको ते बोलले. त्या गपचूप माझ्यामागं आमच्या घरात आल्या, वास काढत शोकेसपाशी थांबल्या आणि एक शंख उपडा केला. आतून काळं पाणी आणि कुजलेली गोगलगाय!

हे म्हणतात, “शंखात कोण राहतं, हे मला काय म्हाईत?”

हौसाबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, “वैनी, आमी निदान भाजून खातो. तुमी तर मढं शोकेसात मांडलंय की!”