चौथा भिडू

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर विराजमान प्रमुख पाहुणे, आपल्या मंडळाचे सर्व विश्वस्त, सत्कारमूर्ती नीलाताई, पहिल्या रांगेतले गुणवंत विद्यार्थी, त्यांचे त्यांच्याहून अधिक दमलेले पालक, आणि मागच्या दाराशी गळ्यात 'स्वयंसेवक' असा बिल्ला अडकवून उभी असलेली, निमंत्रणपत्रिका न मिळालेली युवा केंद्रातली माझी मुलं, सर्वांना सुमती पटवर्धनचा नमस्कार.

ऋजुताने माझी ओळख फार गोड करून दिली. सुमतीताईंनी आयुष्यभर गणित शिकवलं, त्यामुळे त्या हिशेबातच बोलतील, असं म्हणाली. प्रयत्न करते, बाळ. पण आज मला राग आलेला आहे, आणि रागात मी हातचे घ्यायला विसरते.

आधी पत्रिकेबद्दल बोलते. मोठ्या अक्षरांत 'गुणवंत विद्यार्थी गुणगौरव सोहळा' आणि खाली, चष्मा पुसून वाचावं लागेल असं, 'व निरोप'. बॅनरवर पाहुण्यांचा फोटो दारातून दिसतो. नीलाताईंचा पासपोर्टला लावतात तेवढा. एका हॉलच्या भाड्यात दोन कार्यक्रम उरकले, याबद्दल मंडळाचं कौतुक. पण ज्या बाईंनी टक्के न मिळालेल्या मुलांसाठी बारा वर्षं घातली, त्यांना निरोप द्यायला टक्केवाल्यांचा सोहळा निवडावा? आणि त्यांच्या मुलांना काय, तर खुर्च्या मांडायला बोलवावं? वरच्या घरी लग्न आणि खालच्यांनी नुसतं भांडी घासायला जायचं, तसं झालं हे.

नीलाताई कोण, हे नव्या पालकांना ठाऊक नसेल. शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर आपल्या मंडळाचं युवा केंद्र आहे. केंद्र म्हणजे एक खोली, दोन कॅरम बोर्ड, एक कपाट आणि चहाची किटली. दहावी-बारावीपासून विशी-बाविशीपर्यंतची मुलंमुली संध्याकाळी तिथे येतात. कुणाला आयटीआयचा प्रवेश हवा असतो, कुणाला दाखल्यासाठी तहसीलला बरोबर कुणीतरी हवं असतं, कुणाला डॉक्टरकडे जायचं असतं पण घरी सांगायचं नसतं. आणि कुणाला काहीच नको असतं, फक्त घरी जायचं नसतं. नीलाताई ठाण्याच्या वर्तकनगरहून रोज इथे डोंबिवलीत येऊन या सगळ्यांना पुरल्या.

त्यांच्या खोलीत नियम एकच. नवीन आलेल्याला टक्के विचारायचे नाहीत. डोंबिवलीत, बरं का! जिथे आपण बारशाला जाऊन पाळण्यातल्या बाळाची शाळा विचारतो, तिथे!

आणि एक पद्धत होती, ती मला बरेच दिवस कळली नव्हती. कॅरमला कायम तिघंच बसलेले असायचे. चौथा येऊन बसला की ताई कुणाला तरी उठवायच्या, जा रे, चहाचं बघ. शेवटी मी म्हटलं, "अगं नीला, खेळू दे की त्या पोराला. सारखं काय उठवतेस?"

तर म्हणाली, "सुमतीताई, चौघं बसले की बोर्ड भरला. मग दारात कुणी घुटमळत असेल, त्याला काय सांगू? ये, बस, बघत राहा? तो नाही यायचा. पण 'अरे, एक भिडू कमी आहे, येतोस का?' म्हटलं की येतो. त्याला वाटतं, आपल्यावाचून इथे अडलंय."

तेव्हापासून मी ती चौथी बाजू बघायला लागले. दारात, स्कायवॉकवर, एमआयडीसीतल्या बंद कंपनीच्या कट्ट्यावर, जिथे कुणी एकटं बसलेलं दिसेल तिथे या बाई जायच्या आणि तेच एक वाक्य म्हणायच्या.

आता साईनाथची गोष्ट सांगते. त्याला विचारून सांगते आहे. तो मागे खुर्च्यांची थप्पी धरून उभा आहे. काल त्याला म्हटलं, नाव बदलून सांगू का? म्हणाला, "कशाला काकू, नापास मीच झालेलो ना."

साईनाथ बारावीला नापास झाला. घरी सांगितलं, पास झालो. वडील एमआयडीसीत केमिकल कंपनीत, साधा सरळ माणूस. त्यांनी लगेच पेढे आणले आणि मजल्यावर घरोघरी वाटले. आता काय करणार? मुलगा रोज सकाळी दप्तर घेऊन निघायचा आणि कॉलेजच्या वेळेत स्कायवॉकवर बसून राहायचा. मी त्याला नंतर विचारलं, बाबा मारतील म्हणून घाबरलास का? तो म्हणाला, "मारलं असतं तर चाललं असतं. बाबा गप बसतात, काकू. ते सहन नाय होत."

तिथे त्याला नीलाताई भेटल्या. एक भिडू कमी आहे, येतोस? तो आला. दुसऱ्या दिवशी आला, पुढच्या आठवड्यातही आला. कुणी काही विचारलं नाही. एका संध्याकाळी त्याने राणी घेतली आणि स्ट्रायकर हातात धरून तसाच बसला. मग बोर्डाकडे बघत म्हणाला, "ताई, मी नापास आहे."

मी तिथेच होते. मला वाटलं, आता ही बाई त्याला जवळ घेईल, चार शब्द सांगेल. नीलाताई म्हणाल्या, "बरं. आधी राणीला कव्हर दे. मग बघू."

त्याने कव्हर दिलं. मग दोघं त्याच्या घरी गेली. वडील खरंच गप बसले, खूप वेळ. शेवटी ताईंना म्हणाले, "पेढे वाटले ते वाटले. आता परत मागायला थोडेच जाणार?" आणि मुलाला म्हणाले, "जेवलास का?" आज साईनाथ आयटीआयला आहे. पण समजा तो आजही काहीच करत नसता, तरी मी ही गोष्ट एवढ्याच अभिमानाने सांगितली असती.

मंडळाच्या बैठकीत आपण विचारलंत, अध्यक्षमहोदय, की या केंद्राचा निकाल काय? मुलं तिथे काय करतात, तर कॅरम खेळतात! कॅरम खेळून कुणाचं भलं झालंय? मी त्या बैठकीत होते. माझा विरोध इतिवृत्तात 'चर्चा झाली' या दोन शब्दांत मावला.

आणि आज आपण इथूनच घोषणा केलीत. उद्यापासून केंद्र बंद, आणि त्या खोलीत वातानुकूलित अभ्यासिका होणार. प्रवेश पंच्याऐंशी टक्के आणि त्यावर. टाळ्या झाल्या. मागच्या दाराशी एकही टाळी वाजली नाही, हे आपल्याला ऐकू आलं का? जेवून ढेकर दिलेल्याला पुन्हा वाढायचं आणि उपाशी माणसाला पंगतीतून उठवायचं, ही कुठली रीत? नीलाताईंना तुम्ही त्याच अभ्यासिकेचं काम देऊ केलंत. पंच्याऐंशीच्या आतल्याला दारातून परत पाठवणं मला जमणार नाही, असं त्या म्हणाल्या. पत्रिकेत त्याला 'स्वेच्छेने निवृत्ती' म्हटलं आहे. वा!

ऋजुता, चिठ्ठी मिळाली. 'आवरते घ्यावे'. घेते, घेते.

फक्त एक विनंती. या सभागृहात ज्यांना ज्यांना नीलाताईंनी कधी म्हटलंय की एक भिडू कमी आहे, त्यांनी हात वर करावा. लाजू नका रे, टक्के नाही विचारत.

हं. मागच्या दाराशी बघा, अध्यक्षमहोदय. बिल्लेवाले सगळे. ती दारातली संचिता. ध्वनिक्षेपकाजवळचा विकी. आणि पहिल्या रांगेत...

अरे. अद्वय, तूसुद्धा?

वहिनी, मुलाचा हात खाली ओढू नका. राहू द्या. आज सगळ्यात मोठी ढाल त्याचीच आहे, मला माहीत आहे. तो त्या खोलीत का गेला, कधी गेला, हे मला ठाऊक नाही आणि मी विचारणारही नाही. तुम्हीही घरी गेल्यावर लगेच विचारू नका. आधी जेवायला वाढा.

पाहुणे चकित झालेले दिसतात. टाळ्या वाजवू नका, कृपा करून. शहाण्णव टक्केवाल्याने हात वर केला म्हणून ती खोली वाचावी, असं मला मुळीच म्हणायचं नाही. तसं असेल तर माझा राग दुप्पट होईल. अद्वयचा एक हात आणि साईनाथचा एक हात, झाले दोन. गणिताच्या बाईचं एवढं तरी ऐका.

नीला, तुला मी शाल देणार नाही, ती पाहुणे देतीलच. आभार मात्र मानते. आमच्या गावातली जी मुलं आमच्या नजरेला पडत नव्हती, ती तुला दिसली. इथे जमलेल्या सर्वांचे, शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आणि अशांतपणे ऐकून घेतल्याबद्दलही, आभार. माझ्या तोंडून अधिक-उणा शब्द गेला असेल, कुणाच्या मानपानात चूक झाली असेल, तर म्हातारीला क्षमा करा. रागाबद्दल मात्र क्षमा मागत नाही, तो मी घरी घेऊन जाणार आहे.

आणि अध्यक्षमहोदय, जाता जाता. उद्या संध्याकाळी खोलीला कुलूप असेल, हे आम्हाला माहीत आहे. आम्ही बोर्ड बाहेर पायरीवर मांडणार आहोत. साईनाथ आहे, अद्वय येईल असं वाटतं, तिसरी मी.

एक भिडू कमी आहे. येताय का?