बोटीचं आल्टरेशन

...आणि वर मलाच विचारतात, "वहिनी, बोट कुणी कापतं का?" का नाही कापत? तुम्हीच सांगा! लोक कापड कापतात, झाडं कापतात, एकमेकांचे खिसे कापतात, त्याचं कुणाला काही नाही, आणि एका बाईनं स्वतःच्या बोटीचा मागचा फळा पाच इंच कापला तर अख्खा धक्का तोंडात बोटं घालून उभा!

थांबा, पहिल्यापासून सांगते. मी शिंपीण. बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं दुकान, पुढे दोन शिलाई मशिनं, मागे एक खोली, आणि त्या खोलीत जुन्या चादरीत गुंडाळलेलं आमच्या ह्यांचं बोटीचं इंजिन. बोटीच्या मागे टांगतात ना, दोरी ओढून सुरू करायचं, ते. वयानं माझ्या लग्नापेक्षा मोठं. आधी बोट कुजली, मग दोन वर्षांपूर्वी हे गेले, इंजिन मात्र ठणठणीत.

तर एक दिवस भावजी आले. भावजी म्हणजे माझे दीर. पाणीपट्टीच्या ऑफिसातून रिटायर झालेत, त्यामुळे पाण्यावर जे जे तरंगतं त्यातलं सगळं आपल्याला कळतं असा त्यांचा समज. एकटे आले असते तर चहा दिला असता, पण बरोबर भंगारवाला! म्हणे, "वहिनी, आठवण म्हणून ठेवायचं तर दादाचा फोटो आहे की भिंतीवर. हे चाळीस किलोचं धूड कशाला?"

आठवण? सगळ्यांना वाटतं, बिचारी आठवण म्हणून जपते. आठवण कसली डोंबलाची! अहो, सव्वीस वर्षं दर रविवारी आम्ही त्या इंजिनावर पलीकडच्या काठाला कापड आणायला जायचो. हे मागे, दांडा हातात, राजासारखे. मी पुढे, मांडीवर पिशवी. एकदा म्हटलं, "द्या ना जरा माझ्या हातात." तर म्हणाले, "अगं, तुला नाही जमायचं. तू आपली हवा खा." सव्वीस वर्षं मी हवा खाल्ली हो! आणि आता ते इंजिन माझ्या खोलीत, माझ्या चादरीत, तर ते भंगारात घालू? भंगारवाल्याला जुन्या सुयांचा डबा दिला आणि वाटेला लावला.

मग मी बोट शोधली. फायबरची, एका भाड्यानं बोटी देणाऱ्याची. धंदा बंद करत होता. नाक चांगलं, कुशी चांगल्या, पण मागचा फळा, ज्याला इंजिन अडकवतात तो, अंगठ्यानं दाबला तर चहातल्या बिस्किटासारखा आत गेला! बाहेरून फायबर, आत लाकूड, आणि लाकूड कुजलेलं. म्हणजे फळा बदलायचाच होता. त्यात धक्क्यावरच्या मेकॅनिकनं येऊन माप घेतलं आणि मान हलवली. "काकू, बोटीचा फळा वीस इंच, तुमच्या इंजिनाचा पाय पंधरा इंच. पंखा पाण्यात पुरता बुडणारच नाही. टेबलफॅन होईल. नवीन इंजिन घ्या, लांब पायाचं."

मी म्हटलं, "गिऱ्हाईक बुटकं असलं तर पायजमा कापतात की गिऱ्हाईक बदलतात?"

"पायजमाच कापतात."

"मग झालं तर! इंजिन तेच, बोट कापा!"

भावजींनी कपाळाला हात लावला. "वहिनी, सगळं जग बोटीला इंजिन बघतं, तुम्ही इंजिनाला बोट बघताय!" अहो, मग बिघडलं काय? जगाचे ब्लाउज मी तीस वर्षं शिवतेय, जगाला स्वतःचं माप माहीत नसतं!

मग सुतार आला. बोटी दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, पण बोलायला सांगू नका. "जमेल का?" "बघू." "किती दिवस?" "बघू." आतलं फायबर कापून त्यानं लाकूड खरवडलं, तर काय, वापरलेली चहापत्ती! टोपलीभर निघाली. आठ दिवस बोट नुसती वाळत ठेवली, आणि त्या आठ दिवसांत दुकानात येणारी प्रत्येक बाई ब्लाउजचं माप देता देता विचारायची, "काय हो, खरंच कापलीत?" खरंच कापली! हात वर करा, काखेचं माप घेऊ दे!

नव्या फळ्याचा नमुना मी काढला. खाकी कागद घेतला, मधोमध घडी घातली, अर्धंच आखलं, कापलं, उलगडलं. सुतारानं तो कागद बोटीला लावला आणि बघतच राहिला. "ताई, दोन्ही बाजू सारख्या आल्या!" न यायला काय झालं? घडीवर कापलंय! तो माणूस इतकी वर्षं दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजत होता म्हणे. आणि हे मला म्हणाले होते, तुला नाही जमायचं!

तेवढ्यात भावजी. "वहिनी, फळा बुटका केलात, आता मागून लाट आली की पाणी थेट आत." आणि तुम्हाला सांगते, बरोबर होतं हो त्यांचं! आयुष्यात पहिल्यांदा! पण म्हणून तोंडावर मान्य करायचं? मी म्हटलं, "मला माहीत होतं, तिथे मी खिसा लावणारच होते." आणि सुताराकडे बघितलं. तो बिचारा म्हणाला, "बघू." आणि खरंच, पुढे फळा बसल्यावर त्याच्या आतल्या अंगाला त्यानं एक हौद केला, आलेलं पाणी त्यात पडावं आणि भोकातून परत बाहेर जावं असा. भोक पडलेला खिसा मुद्दाम लावून घेणारी शिंपीण जगात मी एकटीच असेन.

मग आला चिकटवायचा दिवस. दोन जाड फळ्या, मध्ये ते मधासारखं रसायन, आणि त्यात थोडंसं, अगदी मोजून, दुसरं एक औषध घालायचं की ते घट्ट होतं. सुतार मोजत होता. भावजींना धीर कुठला? "एवढ्यानं काय होतंय, अशानं संध्याकाळ होईल!" आणि अख्खं झाकण ओतलं! डबा तापला, डब्यातून धूर निघाला, आणि जो माणूस पंधरा दिवसांत 'बघू'च्या फारसा पुढे गेला नव्हता तो ओरडला, "पळा! नाही नाही, पळू नका, लावा! दाबा! सगळे दाबा!" आम्ही दाबलं. मी हातांनी, सुतारानं शिकंजे आवळून, आणि भावजींनी पोटानं. फळा बसला, छान बसला... आणि भावजी पण बसले. शर्ट चिकटला! निघेना! "वहिनी, काहीतरी करा!" केलं. कात्री माझ्या कमरेलाच असते. पोटावरचं निळ्या चौकड्याचं कापड गोल कापलं आणि भावजींना मोकळं केलं. नवीन शर्ट होता हो, मीच शिवलेला. वर बिचारे म्हणतात, "वहिनी, त्यापेक्षा नवीन इंजिन..."

"भावजी! इंजिन तेच!"

"...बोट कापा," ते म्हणाले. "आणि शर्टही."

रविवारी सकाळी बोट पाण्यात. ही गर्दी! मेकॅनिकनं इंजिन टांगलं, आवळलं, खाली वाकून बघितलं. "काकू... मापात बसलंय." मी बसले मागे. पहिल्यांदा, मागे! दोरी ओढली. एक, दोन, पाच, नऊ... "काकू, मी ओढू का?" हात लावायचा नाही! चौदाव्याला ते खोकलं, धूर सोडला आणि सुरू झालं! आणि मी निघाले... गोल! दांडा उजवीकडे नेला की बोट डावीकडे जाते हे मला कुणी सांगितलं होतं का? काठावरून भावजी, "वहिनी, उलटं! सगळं उलटं करा!" दोन फेऱ्या मारल्या तिथल्या तिथे, मग धरली सरळ, आणि पाण्याच्या मधोमध आले तेव्हा समोर बघितलं.

पुढची फळी रिकामी. म्हणजे मागून एवढंच दिसत होतं तर ह्यांना. माझी पाठ. सव्वीस वर्षं त्या माणसानं माझी पाठ आणि मांडीवरची पिशवी बघितली, आणि मी एकदाही मागे वळून त्यांचं तोंड बघितलं नाही, चिडलेली असायची ना मी...

तेवढ्यात धूर नाकात गेला आणि मी शुद्धीवर आले. आणि काय सांगू, तो दांडा असा थरथरतो, की पलीकडे पोचेपर्यंत मनगट मेलं, कान बधिर, पदराला तेल, केसांना धूर! मला वाटत होतं हा माणूस मागे बसून मजा मारतोय! तीन दिवस हात थरथरत होता, काजं अशी शिवली की मुंग्यांची रांग बरी. पण कुणाला बोलले का? छे! सगळ्यांना सांगितलं, "लोण्यासारखं चालतं."

मग काय, आता दर रविवारी मी मागे, आणि पुढे भावजी, पिशवी मांडीवर, "वा वहिनी, काय गार हवा आहे!" मी मागे बहिरी झालेली, दात आवळून. परवाच्या रविवारी अंगात कणकण होती, म्हटलं आज राहू दे. अर्ध्या तासात धक्क्यावर बोलणं सुरू! "काकू आल्या नाहीत. इंजिन बसलं वाटतं. की काकूच बसल्या?" उठले. गोळी गिळली, पदर खोचला आणि गेले तशीच ताप अंगावर काढत. काय करणार? बोट कापता येते हो, फळा बदलता येतो... पण लोकांची तोंडं? ती नाही शिवता येत, शिंपीण असूनसुद्धा!