स्कॅन नॉर्मल, आरती तिसऱ्यांदा

...नाही, पण स्कॅन नॉर्मल आला म्हणजे डोकं नॉर्मल, हे ठरवलं कोणी? तुम्हाला सांगतो, चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी बांधत होतो, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती लाकडी चौकट, नारळ, सुपाऱ्या, दोडकी सगळं लटकवलेली, तर एका बाजूची दोरी सुटली आणि कोपरा बसला थेट माझ्या टाळक्यात. डोळ्यांपुढे काजवे! हॉस्पिटलात नेलं, त्या मशीनच्या पोटात घातलं. डॉक्टर म्हणाले, "रक्त साकळलेलं नाही, हाड शाबूत. पण थोडे दिवस विसराल, गोंधळाल, ते या फोटोत दिसत नाही. विश्रांती घ्या." घरच्यांनी त्यातलं ऐकलं किती? स्कॅन नॉर्मल.

मग मी चहात मीठ घातलं, तर बायको, आमची देवकी, म्हणते, "स्कॅन नॉर्मल आयला न्हय? मागीर कसलीं सोंगां?" पुतण्या गौरेश मोबाईलवर फोटो दाखवतो, "काका, पळय, एकदम क्लीन." अरे, क्लीन आहे म्हणूनच तर त्यात काही सापडत नाही ना!

आता संध्याकाळी आरती. आमच्या मये गावात वाड्यावर घरोघरी फिरून आरत्या होतात, आणि बाबांच्या पश्चात पुढे उभा राहून म्हणणारा मीच, हातात कागद कधी धरला नाही. खरं सांगतो, मला भीती वाटत होती. पण नाही कसं म्हणू? स्कॅन नॉर्मल! गणपतीची झाली, शंकराची झाली, देवीची झाली, पुढे दत्ताची, आणि मी सुरू केली... पुन्हा गणपतीची. आता सुरू झालेली आरती देवासमोर मधेच तोडायची कोणी? घुमटवाला आपलं मातीचं वाद्य बडवतोय, मंडळी टाळ्या वाजवतायत, मी डोळे मिटून. शंकर, देवी... आणि परत गणपती. पोरं खाली बसली, कापूर संपला, प्रसादाच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, निवल्या, आणि मला वाटतंय, काय रंगलीये आज!

शेवटी देवकीच पुढे आली, माझा हात धरून म्हणाली, "बसा आतां," आणि रडायलाच लागली. डॉक्टरांनी सांगून जे पटलं नाही, ते नेवऱ्या निवल्यावर सगळ्या वाड्याला पटलं.

तेव्हापासून मी खुर्चीत आणि आरतीला पुढे गौरेश. एक कडवं चुकत नाही त्याचं. लोक मुद्दाम येऊन धीर देतात, "सगुणबाब, काळजी करूं नाकात, गौरेश बरो सांबाळटा."

अहो, तीच तर काळजी आहे.