तरोट्याची भाजी

आई : घे की अजून. एवढीच हाय. कवळा तरोटा, नुसता कांदा टाकलाय.

शिवांगी : छान झालीय. पण नांदेडात तरोटा कुठे मिळाला तुला?

आई : मिळायचा कशाला? तुझ्या गच्चीवर उगवून राहिला होता, त्या मातीच्या ट्रेमधी. म्हटलं, पोरगी दिवसभर कॉलेजात, तण कवा काढणार. खुरपून घेतलं.

शिवांगी : सगळं?

आई : एक काडी ठेवली न्हाई. तू बी कमाल करतीस. रोज पाणी घालतीस, अन् पीक काहीच न्हाई. माती ओली ठेवायचा पगार देतेत का तुला?

शिवांगी : जवळजवळ तसंच आहे. ती जळकोटच्या माळाची माती होती ना, आग लागली होती तिथली.

आई : ठाऊक हाय. अप्पांनीच पोती भरून दिली.

शिवांगी : आगीनंतर मातीत पुरून राहिलेलं कुठलं बी जिवंत आहे, ते बघायचं होतं.

आई : मग बघितलंस का?

शिवांगी : आत्ता बघतेय. भाकरीबरोबर.

आई : म्हंजे म्या घोळ केला का काय?

शिवांगी : नाही गं, काम हलकं केलंस. एवढं सांग, जास्त कुठे होता? जळक्या मातीत, की शेजारच्या न जळलेल्या?

आई : जळक्यात लई. दुसरीकडं चिमूटभर. असं का?

शिवांगी : तरोट्याच्या बीची साल टणक. पाणी आत जात नाही, वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. धग लागली की साल तडकते, मग ओल शिरते.

आई : मग दरसाल पेटवावा की माळ.

शिवांगी : मग पुरलेलं बी संपेल. नवं धरायला उसंत नको का?

आई : हे बरीक खरं. बरं, मी उद्या निघते. अजून दोन दिवस राहिले असते, पण तुला काम, अन् मी आपली मधीमधी.

शिवांगी : बरं. सकाळची गाडी बघते.

(आई दुसऱ्या दिवशी जळकोटला गेली आणि त्याच रात्री झोपेत वारली. महिन्याभराने शिवांगीचे वडील, अप्पा, नांदेडला आले आहेत. दोघं गच्चीवर.)

अप्पा : माय, ह्या ट्रेमधी तर परत उगवलंय.

शिवांगी : आईनं खुरप्यानं खालची माती वर आणली. खोल राहिलेल्या बियांना उजेड मिळाला. आता लेखात पद्धत काय लिहू? ‘खुरपणी, नीलाबाई’?

अप्पा : लिही की.

शिवांगी : आणि पहिला निकाल संशोधिकेनं खाल्ला, हे कुठे लिहू?

अप्पा : माय, मी म्हनत होतो...

शिवांगी : अप्पा, आई मातीत आहे, तीही उगवेल, असलं काही म्हणू नका. माझी पोरं पेपरात लिहितात तसलं. मी मार्क कापते.

अप्पा : मी म्हनत होतो, च्या ठेव.

शिवांगी : ठेवते. आधी खरं सांगा. तिनं माझं वर्षाचं काम उपटलं, हे तिला कळलं होतं ना? म्हणून घाईनं गेली?

अप्पा : तिला? उतरल्या उतरल्या शेजारच्या धुरपताबाईला गाठलं. पोरीचं समदं रान एका दुपारी खुरपून आले, म्हनली. निजेपतूर तेच.

शिवांगी : रान. गच्चीवरचे ट्रे होते, अप्पा.

अप्पा : तिच्यासाठी रानच.

शिवांगी : म्हणजे माझं नाटक बरं वठलं. जन्मात एकदाच केलं, तेही तिच्यासमोर.

अप्पा : एक बोलली पर. पोरगी ‘राहा’ म्हनत न्हाई कधी, म्हनली. मग आपणच म्हनली, शिकलेली हाय, तिला कुठं येळ.

शिवांगी : घरात एवढी पुस्तकं आहेत. एवढासा शब्द, तोही मी म्हटला नाही; ती आपणहून राहील म्हणून थांबले.

अप्पा : वाईट वाटून म्हनली न्हाई ती.

शिवांगी : तेच तर.

अप्पा : जाऊ दे. च्या राहू दे, पाचची गाडी गाठतो. म्हशीला वैरण कोन टाकनार?

शिवांगी : शेजारी टाकतील. फोन करा त्यांना.

अप्पा : कशाला पन?

शिवांगी : आईला कधी म्हटलं नाही, अप्पा. तुम्हाला म्हणते. राहा.