पॅकिंग उत्तम

नाही नाही, वर्तमानपत्रात नको गुंडाळूस — सोड ते, दे इकडे. हात कोरडे आहेत ना तुझे? क्रीम वगैरे काही लावलंयस? मग नुसतं टेबलावर ठेव, मी उचलते. तू म्हटलं तर चालेल ना, माझ्या भाचीएवढी दिसतेस म्हणून आपलं तोंडात आलं. वर्तमानपत्राची शाई उठते, ही माझी बोटं बघ, सकाळी एक गृहस्थ चिनी मातीचे कप घेऊन आले होते वर्तमानपत्रात गुंडाळून, अजून काळी आहेत. आता कपांचं काय, धुतले की झालं, कॉमिक काय धुणार आहेस तू? आणि हा लिफाफा — हा याच्यासाठी आणलायस? वर लाल पेनानं 'दुमडू नये'. शाबास. अगं, टपाल वाटणारा माणूस चांगलाच असतो, पण त्याच्यासमोर पेटी असते एवढीशी, लिफाफा असतो एवढा, आणि अजून दोनशे घरं राहिलेली असतात. तो 'दुमडू नये' वाचतो, मान डोलावतो आणि दुमडतो. मी त्याला दोष देत नाही. दुमडायला नको असेल तर दुमडताच येणार नाही असं बांधावं, विनंत्या करून काय उपयोग.

बस ना, ते स्टूल ओढून घे — त्याचा एक पाय हलतो, भिंतीला टेकून बस. पोस्टाची गाडी चारला येते, आत्ता कुठे अडीच वाजतायत. बघू दे आधी. हं. कणा छान आहे, पिना गंजलेल्या नाहीत, कोपरा एकच किंचित गेलाय. आणि मागच्या पानावर हिरोला मिशा कुणी काढल्या, तू? मैत्रिणीनं? म्हणजे हे तिचंच, परत पाठवतेयस तर. बरं, मी काही विचारत नाही. लोक वस्तू परत पाठवतात तेव्हा मी कधीच काही विचारत नाही, न विचारता निम्मे सांगतात आणि उरलेल्यांच्या तोंडावर दिसतं. ही पिशवी मोठी झाली याला, आत सरकतंय बघ, सरकलं की कडा घासतात. ही घे, ही मापाची. पाठीला हा पांढरा पुठ्ठा, साधा नाही हां, साध्या पुठ्ठ्यानं दहा वर्षांत कागद पिवळा पडतो. पिशवीचं तोंड मागे दुमडायचं, चिकटपट्टी मागे लावायची आणि पट्टीचं शेवटचं टोक असं आत दुमडून शेपटी ठेवायची — म्हणजे उघडणाऱ्याला धरायला मिळतं. शेपटी नसली की माणूस नखानं खरवडतो, पट्टी निघते आणि कॉमिक बाहेर काढताना तीच मुखपृष्ठाला जाऊन चिकटते. तीस वर्षं जपलेलं मुखपृष्ठ तीन सेकंदांत जातं. मी पाहिलंय, एक मोठा बाप्या माणूस या स्टुलावर बसून रडलाय.

कुठे शिकले म्हणजे? क्लास थोडेच असतात याचे. माझा धाकटा भाऊ, त्याच्याकडून. म्हणजे त्यानं शिकवलं असं नाही, बघून बघून आलं. घरात आम्ही त्याला पहारेकरी म्हणायचो. दहा वर्षांचा असल्यापासून प्रत्येक अंकाच्या दोन प्रती घ्यायचा — एक वाचायची, एक ठेवायची. वाचायची कशीही वाचा, लोळून वाचा, जेवताना वाचा, काय सांडायचं ते सांडा. ठेवायची एकदा पिशवीत गेली, पट्टी लागली, की तिला कुणी हात लावायचा नाही, त्यानंसुद्धा नाही. असे तीन खोके पलंगाखाली. पाहुणे झोपायला आले की पलंगाखाली वाकून बघायचा, त्यांच्या चपला खोक्याला लागत नाहीत ना. आता? असतो तिकडे, गाडीनं पाच तास. बरा आहे. फार बोलणं होत नाही आमचं. हे बघ, हे खोक्याचे जाड पुठ्ठे, यांच्या आत नळ्या असतात, एकाच्या उभ्या ठेवायच्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे कुठूनही दाबलं तरी वाकत नाही. चारी बाजूंनी दोन बोटं मोठे कापायचे, मार बसला तर पुठ्ठ्याच्या कोपऱ्याला बसू दे.

आणि हे काय — पत्र? यात घालायचंय? मागे, पुठ्ठ्याच्या आणि अंकाच्या मधे? नको. नको गं, माझं ऐक, वेगळं पाठव. मावतं की, मावत नाही असं कुठे म्हणतेय मी, चार पानंसुद्धा मावतात, मी घातलीयत. घातलीयत म्हणून तर सांगते. अशा पत्राला उत्तर येत नाही. — कुणाला लिहिलं म्हणजे, त्यालाच, पहारेकऱ्याला. आता विषय काढलासच तर सांगते, नाहीतरी गाडीला वेळ आहे. आई गेली त्याला सहा वर्षं झाली. घर रिकामं करून द्यायचं होतं, तो नोकरीच्या गावी, मी इथे, आणि त्या धांदलीत ते तीन खोके गेले रद्दीत. वजनावर. त्याच्या वाचायच्या प्रती त्यानं आधीच नेल्या होत्या, या ठेवायच्या होत्या सगळ्या. चुकून झालं. मी सगळ्यांना तेच सांगितलं, चुकून झालं, जुन्या वह्यांचे खोके आणि हे खोके सारखेच होते. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, पण नाही, वर्षभर बोलला नाही आणि मग कामापुरतं बोलायला लागला. 'बरी आहेस ना', 'पाऊस आहे का तिकडे', असं. सख्ख्या बहिणीशी हवामानावर बोलतो माणूस.

तर मग मी शोधायला लागले. हे दुकान होतंच, कप, काचा, वाद्यं पॅक करत होते, त्यात कॉमिकवाले यायला लागले आणि मी त्यांना विचारायला लागले, हा अंक आहे का, तो अंक आहे का. चार वर्षं लागली, पण पहिला अंक मिळाला, अगदी त्यानं ठेवला होता तसा. मी तो असा बांधला — अगं, तुला काय सांगू, आयुष्यात तसं दुसरं काही बांधलं नाही. आणि आत पत्र घातलं. चार पानं. घडी घातली नाही, घडीचा फुगवटा अंकावर उमटतो, म्हणून सरळच ठेवली, आणि कडेनं कापून अंकापेक्षा बोटभर लहान केली. पुढून बघितलं तर अंक, मागून बघितलं तर पांढरा पुठ्ठा, मधे काही आहे याचा पत्ता नाही. कडेनं कागद दिसला की फार बेंगरूळ दिसतं. आठ दिवसांनी त्याचा निरोप आला फोनवर. काय आला असेल? 'मिळालं. पॅकिंग उत्तम.' बस. चार पानं लिहिली मी, माझ्या हातानं, तीन वेळा फाडून चौथ्यांदा लिहिली, आणि पॅकिंग उत्तम. म्हणजे मी काय, त्याचं गिऱ्हाईक आहे?

काय होतं त्यात? होतं असंच. — नाही, नुसती माफी असती तर मी तोंडावर मागितली असती, त्याला काय लागतं. अगं, चुकून नव्हतं ते. वह्यांचे खोके केव्हाच गेले होते. आई पावणेतीन वर्षं अंथरुणावर होती, तिचं सगळं मी केलं, तो दर रविवारी फोन करायचा, आणि फोन उचलला की आधी काय विचारायचा — भिंतीला ओल आलीय का, खोक्यांपर्यंत नाही ना पोचली. मग आई. आधी खोके, मग आई. दर रविवारी. आणि घर रिकामं करताना रद्दीवाला दारात उभा होता, तो म्हणाला, हेही घेऊ का, आणि मी पिशव्यांवरच्या पट्ट्या बघितल्या, एकेक सरळ लावलेली, आणि म्हटलं, घ्या. पूर्ण शुद्धीत म्हटलं. माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही हे, तुला का सांगतेय कोण जाणे. त्या चार पानांत हे होतं. आणि ते वाचून हा बाबा मला कळवतो, पॅकिंग उत्तम. त्यानंतर दोनदा फोन आला त्याचा, मी उचलला नाही. का उचलू? आता या रविवारी भाचीचं लग्न आहे, त्याच्या मुलीचं. पत्रिकेवर खाली त्यानं स्वतः लिहिलंय, 'आत्याशिवाय अक्षता पडणार नाहीत.' मी म्हटलं, वा, लोकांसमोर बरं दिसायला हवंय. कळवून टाकलं, दुकानात फार काम आहे. चादरींचा आहेर पॅक करून ठेवलाय तो बघ, तुझ्या पार्सलबरोबर चारच्या गाडीनं जाईल.

काय म्हणालीस? उघडलं होतं का? — काय उघडलं होतं का, पिशवी? अगं, उघडणारच ना. आत पत्र आहे म्हटल्यावर — आत पत्र आहे हे त्याला मी कळवलं होतं का, असं विचारतेयस? नाही. कळवायचं काय त्यात, उघडलं की दिसणारच. तो उघडणार आणि — थांब. थांब जरा, बोलू नकोस. वाचायची प्रत त्याच्याकडे होतीच. मी पाठवली ती ठेवायची. ठेवायची. पिशवीत, पट्टी लावलेली. अरे देवा. तो कशाला उघडेल? तो मेला तरी उघडणार नाही. पुढून बघितलं असेल, उलटून मागून बघितलं असेल, पट्टी सरळ आहे का ते बघितलं असेल आणि त्याला जे आवडलं ते त्यानं मनापासून कळवलं. त्याच्याकडून याहून मोठं कौतुक निघत नाही गं, हे मला नाही कळलं तर कुणाला कळणार? मी त्याच्यासारखं बांधायला शिकले म्हणून बापडा खूश झाला, फोन करत राहिला, आणि मी दोन वर्षं — मी मूर्ख आहे. तीस वर्षं त्याचे ते खोके बघितले आणि पत्र नेमकं तिथे ठेवलं जिथे तो आयुष्यात कधी बघणार नाही.

हे घे, तुझं पत्र हे घे, हे काही आत जाणार नाही. फोन कुठे ठेवला मी? तुझ्या मागे, फळीवर, दे. नाही, आत्ताच. रविवारपर्यंत थांबले तर मी नाही करणार, मी मला ओळखते.  त्याला अजूनही वाटतंय की ते चुकून झालं. तेवढ्यावर त्यानं मला माफ केलंय आणि पत्रिकेवर आत्या लिहिलंय. गप्प बसले तर रविवारी मजेत लग्नाला जाऊन येईन, कुणाला काही कळणार नाही. हो ना? आणि मग त्याच्या घरी जेवताना मला माहीत असणार, त्याच्या कपाटात, त्या पिशवीत काय आहे ते. नको. रिंग जातेय.

हॅलो. मी. — हो, ताईच. — नाही, नाही, सगळे बरे आहेत, कुणाला काही झालेलं नाही, ऐक आधी. मी अंक पाठवला होता ना, पहिला, तो आहे तुझ्याकडे? — जसाच्या तसा. ऐकलंस, जसाच्या तसा म्हणतोय, वर ऐटीत सांगतोय. — नाही, तुला नाही, इथे एक मुलगी आहे. ते जाऊ दे, तो काढ आणि पिशवी उघड. — हो, उघड म्हणतेय. — मला माहितीय. — मला माहितीय रे, किंमत उतरते, उतरू दे. — कारण मी सांगतेय म्हणून, मोठी आहे मी तुझ्याहून, एकदा तरी काही न विचारता कर. — बरं. बरं, ये, मी आहे.

हात धुवायला गेलाय. हसू नकोस. मला आत्ता पळून जावंसं वाटतंय, आणि हे माझंच दुकान आहे. तुझं पार्सल होतंय, हा शेवटचा कागद बोळा करून कोपऱ्यात कोंब, मग कानाशी धरून हलव, आवाज आला तर अजून कोंब. पत्ता तूच लिही, मला आत्ता लिहिता येणार नाही. — हां, आलास? शेपटी आहे बघ पट्टीला. हळू. — आता अंक बाहेर काढ आणि मागे बघ. — आहे ना? चार आहेत. मोज. — नाही, मी सांगणार नाही, तू वाच. मोठ्यानं नको, मनात वाच. — मी फोन ठेवत नाही. तुला ठेवायचा असेल तर वाचून झाल्यावर ठेव, मी काही म्हणणार नाही.

तू जा आता. पार्सल राहू दे तिथे, जाईल चारला. दार हळू ओढून घे. वाचतोय तो.