सल्ला द्यायचा नाही!

…नाही, पण मला सांगा, एकोणपन्नासाव्या वर्षी कॉलेजात जाऊन बसायची हौस असते का कुणाला? संत्र्याच्या रसाचा कारखाना बंद पडला, सव्वीस वर्षं ज्या पट्ट्यावर मी बाटल्यांना झाकणं लावली तो पट्टासुद्धा विकून टाकला मेल्यांनी, आणि सरकारी ऑफिसातली ती पोरगी गोड हसून म्हणते, "लॉनाबाई, पॅरालीगल व्हा ना! दोन वर्षांचा कोर्स, मग वकिलाच्या हाताखाली काम, मस्त एसीत!" आता फ्लोरिडात एसी म्हटल्यावर माणूस कशालाही हो म्हणतं. झाले भरती! वर्गात सगळी एकोणीस-वीस वर्षांची कार्टी, पहिल्या दिवशी मी आत शिरले तर सगळी उठून उभी. त्यांना वाटलं, मीच शिकवायला आले!

शिकवायला होत्या क्रेबबाई. हसणं म्हणजे जणू दंडनीय अपराध! आल्या आणि फळ्यावर एकच वाक्य लिहिलं… सल्ला द्यायचा नाही! "सल्ला वकील देतो. तुम्ही फायली लावा, अर्ज टाइप करा, तारखा सांभाळा. पण कुणी विचारलं, 'मी काय करू?', की तुमचं तोंड बंद! कायद्याने बंद! ज्याने उघडलं त्याला मी स्वतः घरी पाठवीन." अहो, या बाईला कुणी विचारलं ना, 'छत्री घेऊ का?', तर म्हणायची, "आकाशात ढग आहेत, एवढी माहिती मी देऊ शकते." आणि मी कोण? जन्मभर न मागता सल्ले वाटत आलेली बाई! पण शिकले हो. इतकी शिकले, की माझी मुलगी टेसा म्हणाली, "आई, या पोराशी लग्न करू का गं?" तर मी म्हटलं, "लग्नाच्या अर्जाची खिडकी सकाळी नऊला उघडते." सल्ला द्यायचा नाही!

तर शेवटच्या सत्रात काय, कोर्टातल्या मदतीच्या खिडकीवर सहा आठवडे बसायचं, आणि मागे क्रेबबाई वही घेऊन हजर. त्यांचा शेरा चांगला आला तर सर्टिफिकेट, सर्टिफिकेट आलं तर नोकरी, आणि नाही आलं तर… तर परत झाकणं लावायला पट्टा तरी कुठे शिल्लक होता?

तिसऱ्या आठवड्यात मान वर करते तर समोर कोण? ओपल! माझी सासू. म्हणजे माजी, नवरा सोडला ना मी! पण नवरा सोडता येतो, सासू सुटते का? बावीस वर्षं या बाईने माझ्या प्रत्येक पदार्थाला नाक मुरडलं. थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवणाच्या टेबलावर चौदा माणसांदेखत म्हणाली होती, "लॉना, तू गप्प बसलीस की किती हुशार वाटतेस गं!" आणि तीच ओपल आता हातात कागद घेऊन, घामाघूम. "अगं लॉना, बरं झालं बाई तूच आहेस! घरमालक म्हणतो घरात कुत्रा पाळलाय, घर सोड. अगं, तो कुत्रा, माझा बिस्किट, ईस्टरलाच गेला, त्याची राख डबीत आहे! मी मालकाला तोंडी सांगून आले. तेवढं पुरे ना? की लिहून द्यायला लागतं? चष्मा घरी राहिला गं, वाच ना जरा काय म्हणतायत."

कागदावर ठळक अक्षरांत होतं, पाच दिवसांत कोर्टाकडे लेखी उत्तर द्या, नाहीतर तुमचं न ऐकता निकाल लागेल. मी वाचलं. मनात. आणि म्हटलं, "मॅडम, आम्ही इथे सल्ला देत नाही. वकिलांची यादी भिंतीवर आहे."

"मॅडम? अगं, मी ओपल!"

"पुढचं कोण आहे?"

यादी इतक्या बारीक अक्षरात, की चष्मा असलेल्यालाही दिसू नये! ती भिंतीला नाक लावून उभी राहिली थोडा वेळ, मग गेली. क्रेबबाई दूर होत्या, त्यांना एवढंच ऐकू गेलं, की ओळखीची बाई समोर असून पोरीने सल्ला दिला नाही. वहीत लिहिलं, 'संयम उत्तम'!

तुम्ही म्हणाल, बिचारी, नियमाने बांधलेली… हो ना! मीही गावभर तेच सांगते. पण तुम्ही काही माझे नातेवाईक नाही म्हणून तुम्हाला सांगते. छापलेलं वाचून दाखवणं म्हणजे सल्ला नव्हे, हे दुसऱ्याच आठवड्यात शिकवलं होतं. माझ्या वहीत त्या वाक्याखाली दोन रेघा आहेत. मला माहीत होतं हो! आणि तिची पाठ वळली ना, तेव्हा जिवाला काय गार वाटलं, काय गार वाटलं… ते एसीचं नव्हतं.

पाच दिवस गेले, निकाल लागला. तीस वर्षांचं घर! खुर्ची, टीव्ही, ती राखेची डबी, सगळं रस्त्याच्या कडेला उन्हात. त्याच आठवड्यात माझी परीक्षा. प्रश्न सातवा : निरक्षर गृहस्थ नोटीस घेऊन आल्यास काय कराल? मी लिहिलं, 'छापील मजकूर मोठ्याने वाचून दाखवीन.' दहापैकी दहा!

नोकरी लागली. एसीत. आणि ओपल? तिच्या लेकाच्या नव्या बायकोने दार लावून घेतलं, तर आमच्या टेसाने आजीला आणून बसवलं माझ्याच मागच्या खोलीत. आणि आता ही बाई चर्चमध्ये दिसेल त्याला सांगते, "आमची लॉना! सासू समोर रडत होती, पण पोरीने नियम मोडला नाही. अशी सचोटी असते का कुणाची?" बावीस वर्षांत पहिलं कौतुक, आणि ते यासाठी!

सामान बाहेर काढताना तिचा चष्मा फुटला. नवा करून दिला तर म्हणते, टोचतो. तेव्हा रोज सकाळी कॉफीबरोबर पेपर माझ्यापुढे सरकवते, "वाच गं." आधी कोण वारलं, मग सवलतीची कूपनं, मग हवामान. मी वाचते, मोठ्याने, अक्षरन् अक्षर. आणि सारखं वाटतं, आता म्हणेल, आता म्हणेल, की अगं, एवढं छान वाचतेस, मग त्या दिवशी काय झालं होतं? नाही म्हणत हो! एकदाही नाही. नुसती कॉफीचा घोट घेते आणि म्हणते, "हं… पुढचं पान."