थांबवलेली बाटली

(बालाघाट. बसस्टँडसमोरचं हेमराजचं औषधांचं दुकान. जानेवारीची दुपार. बाकावर रीना, तिच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला सात महिन्यांचा रजत.)

रीना: थांबवली म्हणजे? मी पोराले घेऊन उकव्याहून सकाळच्या बसनं आली, काका. घरी दोन दिवसांचं औषध उरलं आहे. अन् तुम्ही म्हणता, बाटली थांबवली!

हेमराज: मी नाही थांबवली, सूनबाई. नागपूरवाल्याईनं थांबवली. काल तुमची चिठ्ठी इथून पाठवली, आज गाडीवर बाटली यायले पाहिजे होती. बाटली नाही आली, हे आलं. वाचा. लाल अक्षरात आहे.

रीना: ‘फार्मासिस्टने रोखले. पालकांशी बोलल्याशिवाय तयार करू नये.’ कोण हा फार्मासिस्ट? त्यानं रजतले पाह्यलं तरी आहे काय?

हेमराज: बाई आहे. गीता मॅडम. नाही पाह्यलं. मीच मॅडमले समोरासमोर पाह्यलं नाही, चार महिने होऊन राह्यले फोनवर बोलता बोलता.

रीना: वा! चिठ्ठी डॉक्टरची, दुकान तुमचं, औषध बनवते तिसराच कोणी, अन् नाही म्हणते चौथी. एवढ्या हातांतून फिरून माझ्या पोराच्या तोंडात जाते ते.

हेमराज: सही करताना कागद वाचला होता ना तुम्ही?

रीना: दोनदा वाचला. तुम्हीच म्हटलं होतं, इथं उभं राहून कोणी एवढं वाचत नाही. औषध दुसरीकडं बनते हे पालकाले आधी सांगावं लागते. बाटलीवर दोन्ही दुकानांची नावं पाहिजेत. अन् पालक केव्हाही नाही म्हणू शकते, चिठ्ठी परत मागू शकते. सहावी ओळ.

हेमराज: बाप रे. मले दुसरीच्या खाली काही आठवत नाही.

रीना: मग द्या चिठ्ठी परत. याच्या बाबाले, लोकेशले, खाणीतून बोलावून घेते, आजच नागपूरले जाते. नाहीतर तुम्हीच गोळी कुटून पुड्या बांधून द्या, पहिल्यासारख्या.

हेमराज: पुड्या नाही बांधत मी आता.

रीना: काहून? रजत दोन महिन्यांचा होता तेव्हा बांधल्या होत्या.

हेमराज: म्हणूनच नाही बांधत. मोठ्या माणसाची गोळी कुटायची, डोळ्याच्या अंदाजानं आठ भाग करायचे. बापानं शिकवलं होतं, हात बसला होता माझा. तुमच्या घरून उरलेल्या दहा पुड्या परत आल्या ना, त्या मी एक दिवस सराफाकडं घेऊन गेलतो. त्याच्या काट्यावर एकेक तोलली.

रीना: अन्?

हेमराज: एकीत जेवढं, दुसरीत त्याच्या दीडपट. दहाच्या दहा वेगळ्या.

रीना: त्या रजतच्या पुड्या होत्या, काका.

हेमराज: त्याच्याच. मोठ्याले काही होत नाही, चालून जाते. याच्या हृदयाले भोक आहे, पाच किलोचा जीव. सराफ हसून राह्यला होता अन् मले घाम फुटला. दुसऱ्या दिवशी नागपूरले फोन केला. म्हटलं, माझ्या हातानं होत नाही, तुम्ही करा, मी देईन.

रीना: तुम्ही हे मले सांगितलं नाही.

हेमराज: आज सांगून राह्यलो. चिठ्ठी देतो, तुमचा हक्कच आहे. पण आधी मॅडमशी बोला. तोंड दिसते असा फोन लावतो... हॅलो, मॅडम, बालाघाटहून हेमराज. रजतची आई आली आहे.

गीता: नमस्कार, रीनाताई. मी गीता. सकाळपासून तीनदा फोन लावला तुम्हाला.

रीना: बसमध्ये होते. जंगलात रेंज नसते. मॅडम, तुमच्यामागे तर स्वयंपाकघर दिसतंय.

गीता: घरीच आहे मी. माझं काम चिठ्ठ्या तपासायचं. औषध बनतं ती जागा वेगळी, बंद खोली आहे. मी होकार दिल्याशिवाय तिथला माणूस बाटलीला हात लावत नाही. आणि मी स्वतः कधीच बाटलीला हात लावत नाही.

रीना: मग आमच्या चिठ्ठीत काय चुकलं?

गीता: चुकलं म्हणत नाही. मला एक गोष्ट कळली नाही. बारा दिवसांपूर्वी रजतचं वजन पाच किलो चारशे ऐंशी होतं. कालच्या चिठ्ठीत सहा किलो साठ. त्यावरून डोस वाढवलाय. नवं वजन डॉक्टरांना कुणी सांगितलं?

रीना: मीच. आमचे मोठे डॉक्टर रजेवर आहेत. त्यांच्या जागी होते त्यांनी फोनवर विचारलं, मी सांगितलं. मंगळवारी आंगणवाडीत भरलं होतं. मॅडम, सात महिन्यांत पहिल्यांदा असा आकडा आला. याच्या बाबांनी खाणीत पेढे वाटले.

गीता: बारा दिवसांत पाचशे ऐंशी ग्रॅम. ताई, धडधाकट बाळसुद्धा एवढं वाढत नाही.

रीना: म्हणजे माझं पोरगं वाढलेलं तुम्हाला बघवलं नाही.

हेमराज: सूनबाई...

गीता: बोलू द्या त्यांना. ताई, असा आकडा दोन कारणांनी येतो. एक, मोजताना काहीतरी जास्त आलं. दुसरं, त्याच्या अंगात पाणी साठतंय.

रीना: पाणी.

गीता: हो.

रीना: हे सांगितलं होतं डॉक्टरांनी. पहिल्याच दिवशी. ‘एकदम वजन वाढलं तर खूश होऊ नका, फोन करा.’ वहीत लिहून ठेवलंय मी, खाली रेघ मारून. अन् आकडा ऐकला अन्... काका, मी नाचली. आंगणवाडीतून सासूबाई घरी आल्या, सहा किलो म्हणाल्या, अन् मी अंगणात नाचली.

हेमराज: बसा. पाणी प्या.

गीता: ताई, माझ्याकडे बघा. रजत झोपलाय का? पोट वरखाली होताना दिसतंय? घड्याळ लावून एक मिनिट श्वास मोजाल?

रीना: मोजलेत. बस बालाघाटला येईस्तोवर तीनदा. चव्वेचाळीस, सेहेचाळीस, चव्वेचाळीस.

गीता: तीनदा?

रीना: रोजच मोजते मी. आता परत मोजते, थांबा.

हेमराज: मॅडम, ही मोजून राह्यली तोवर मी काटा काढतो.

रीना: पंचेचाळीस.

गीता: दूध पिताना घाम येतो का? पापण्या, पावलं सुजल्यासारखी?

रीना: घाम येतो, पण पहिल्यापेक्षा कमी. पावलावर बोट दाबून बघते रोज. खड्डा राहत नाही. आत्ता दाबते. नाही, नाही राहिला.

गीता: छान. हेमराजभाऊ, काटा सपाट ठेवा. आधी एक किलोचं माप ठेवून दाखवा मला.

हेमराज: हे घ्या. एक हजार. ना एक कमी, ना एक जास्त. दुकानात बाळाचा काटा ठेवाल तरच लहान मुलांचं औषध पाठवू, अशी अट होती यांची, सूनबाई. मी तेव्हा म्हटलं होतं, नागपूरच्या लोकांचे नखरे.

गीता: वर फडकं टाका, आकडा शून्य करा. ताई, रजतचे सगळे कपडे काढा. वाळे, करदोटा, सगळं.

रीना: थंडी आहे, मॅडम.

गीता: अर्धं मिनिट. हात चोळून गरम करा आणि मग ठेवा.

रीना: ये रे. ये माझ्या सोन्या. रडू नको. काका, शटर जरा ओढा, हवा येऊन राह्यली. ठेवते हं. मॅडम, ठेवला.

गीता: हात सोडा, ताई. जवळ ठेवा, पण टेकवू नका. भाऊ, फोन आकड्याजवळ आणा. मला स्वतःला दिसला पाहिजे.

हेमराज: पाय हलवून राह्यला... थांबला. पाच किलो पाचशे पन्नास.

गीता: पाच पाचशे पन्नास. परत एकदा उचलून ठेवा.

हेमराज: पाच पाचशे पन्नास.

रीना: कमी झालं? दोन दिवसांत अर्धा किलो कमी झालं?

गीता: कपडे घाला त्याला आधी. काही कमी झालेलं नाही. बारा दिवसांपूर्वी याच काट्यावर चारशे ऐंशी होता, आज पाचशे पन्नास आहे. मग आंगणवाडीत जास्तीचं काय तोललं गेलं, तेवढं शोधू.

रीना: तिथं गोधडीसकट तोलतात. सासूबाई काढू देत नाहीत, थंडी बाधेल म्हणून. पण त्या दीदी गोधडीचे दोनशे ग्रॅम वजा करतात, नेहमी. मागच्या महिन्यात माझ्यासमोर तोलली होती गोधडी. दोनशे.

गीता: आज ठेवा बरं ती काट्यावर.

हेमराज: घ्या. हे काय? सातशे दहा!

रीना: ओली असंन. नाही, कोरडी आहे. काका, सातशे कशी?

हेमराज: इकडून हात लावून पाहा. पायाकडची घडी. केवढी जाड आहे.

रीना: ती सासूबाईंनी शिवली मागच्या आठवड्यात. पाय गार पडतात त्याचे म्हणून आतलाच कापूस तिकडं सरकवला होता. मी हातानं चाचपलं होतं, मऊ लागलं. आत काहीतरी आहे!

हेमराज: कात्री देऊ?

रीना: द्या. नाही, तुम्हीच उसवा. मी याले धरते.

गीता: काय आहे, भाऊ?

हेमराज: कापूस... अजून कापूस... अरे! मॅडम, दगड आहे. काळा. साबणाच्या वडीएवढा, पण उचलून पाहा, केवढा जड. हा रस्त्यावरचा दगड नाही. हे मँगनीज आहे, उकव्याच्या खाणीचं.

रीना: बाबांचा आहे. माझ्या सासऱ्यांचा. पुनाराम. मॅडम, ते तीस वर्षं जमिनीखाली काम करत होते. रिटायर झाले त्या दिवशी एवढा एकच दगड घरी आणला. खिडकीत असायचा. चार-पाच दिवसांपासून दिसत नव्हता. मला वाटलं, पुसायला काढला असेल.

हेमराज: नजर लागू नये म्हणून ठेवला असंन पुनारामभाऊनं.

रीना: आमच्या घरी नजर-बिजर कोणी मानत नाही, काका. विहारात ते दुसऱ्यांच्या हातातले धागे सोडायला लावतात.

हेमराज: हौ. अन् नातवाची ऑपरेशनची तारीख लागली, तवा गोधडीत दगड लपवला. गुपचूप.

रीना: ते म्हणत असतात, खाणीचं छत कडकडलं तेव्हा याच दगडावर डोकं टेकून पडून राहिलो अन् वाचलो... मी हसायची.

गीता: भाऊ, दगड ठेवा काट्यावर.

हेमराज: पाचशे दहा.

गीता: पाच किलो पाचशे पन्नासमध्ये हे पाचशे दहा मिळवले. सहा किलो साठ. जुळलं.

रीना: म्हणजे पाणी नाही?

गीता: श्वास, पावलं, काटा, तिन्ही तेच सांगतायत. तरी मी आत्ता डॉक्टरांना काट्यावरचं वजन आणि तुमचे श्वासाचे आकडे पाठवते. निर्णय त्यांचा. त्यांनी नवीन चिठ्ठी लिहिली की बाटली उद्या पहिल्या गाडीला बसेल. तोवर जुन्या बाटलीतलं, जुन्याच डोसनं. वाढवलेला डोस त्याला द्यायचा नाही.

रीना: मॅडम, डोस तुम्हीच का नाही बरोबर करून टाकला? तुम्हाला तर कळलं होतं.

गीता: मला डोस बदलायचा अधिकार नाही, ताई. थांबवायचा आहे.

रीना: तुम्हाला इतक्या लांबून तो दगड दिसला.

गीता: दगड कुठला दिसणार? आकडा खटकला. दिवसाला दोनशे चिठ्ठ्या येतात. ही चिठ्ठी मी वाचली, पुढच्या तीन वाचल्या, आणि परत हिच्याकडे आले. मलाही एक लेक आहे, पण त्याचा काही संबंध नाही. नियमच आहे, लहान बाळाचं वजन मागच्या वेळेपेक्षा खूप वेगळं आलं की विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही.

हेमराज: तुम्ही विचारलं नसतं तर, मॅडम, मी बाटली दिली असती. वरून हसत हसत दिली असती. लोकेशनं पाठवलेला पेढा मीही खाल्ला होता.

गीता: म्हणून तर आपण दोघं आहोत, भाऊ. ठेवते. ताई, एक सांगायचं राहिलं. तुमचं ते श्वास मोजणं सोडू नका.

रीना: मॅडम... तुमचं पूर्ण नाव बाटलीवर असते काय?

गीता: असतं. बारीक अक्षरात, तळाला. कुणी वाचत नाही.

रीना: मी वाचीन.

हेमराज: गेला फोन. घ्या, सूनबाई, ही तुमची चिठ्ठी. मागितली होती ना. सहावी ओळ.

रीना: राहू द्या तुमच्याजवळच. अन् रजतले जरा धरा, मी गोधडी आवरते. काका, बसमध्ये माझा हात भरून आला होता. इतका दुखून राह्यला होता, तरी मी दुसऱ्या हातात घेतला नाही त्याले. म्हटलं, दुखू दे. पोरगं जड झालं आहे.

हेमराज: झालाच आहे की. सत्तर ग्रॅम.

रीना: सत्तर.

हेमराज: दगडाचं काय करू? ठेवून घेऊ?

रीना: नाही, पिशवीत टाका. बाबांच्या खिडकीत ठेवते परत. त्याईले रागवणार नाही, पण पुढच्या वेळी काट्याजवळ त्याईलेच उभं करीन. आणा रजतले इकडं.

हेमराज: घ्या. हलका लागून राह्यला असंन आता.

रीना: नाही, काका. जेवढा आहे तेवढाच लागते.